हलके घर की पक्के घर?

चाकांवरचे घर मोटारीमागे जोडून मुलुखभर हिंडण्याची हौस मूळची पाश्चात्त्यांची असली, तरी ती आता आपल्या दारापर्यंत येऊन ठेपली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी केरळनेही या वाटेवर पाऊल टाकले. गोमंतकाला तर ही वाहने मुळीच अपरिचित नाहीत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस व पुढल्या दशकात युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान अशी मजल दरमजल करीत खुश्कीच्या मार्गाने येऊन हणजुणे-कळंगुटच्या वाळूत विसावलेल्या गाड्या पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. या पर्यटनाची चर्चा निघाली की गाड्या उभ्या कोठे करावयाच्या, सांडपाण्याचे काय करावयाचे आणि हॉटेलांच्या धंद्यावर काय परिणाम होईल, एवढ्यापुरतीच ती बहुधा होते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु त्या घराच्या भिंतीत काय आहे, त्याचे वजन किती आणि ते वजन कोठे वाचविले आहे, हा प्रश्न आम्हांस त्याहून निकडीचा वाटतो. कारण यापुढे ही वाहने केवळ पाहुण्यांची राहणार नाहीत. ती आपण विकत घेऊ, भाड्याने देऊ आणि कदाचित एखाद्या पुरात वा वादळात आपल्याच माणसांना त्यांत राहावयास पाठवू.

आपल्या भाषेत 'हलका' या शब्दाला दोन अर्थ आहेत. जे वजनाने कमी ते हलके आणि जे प्रतीने कमी तेही हलकेच. 'भारी' या शब्दाचीही तीच कथा. कापड, दागिना, फर्निचर यांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने हे दोन अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत, आणि जुन्या सागवानी पलंगापुढे ते खरेही आहे. ओढून न्यावयाच्या घराच्या बाबतीत मात्र ही भाषिक सवय माणसाला सरळ खड्ड्यात नेते. तेथे वजनाने हलके असूनही प्रतीने उत्तम असे घर बांधता येते, वजनाने भारी असूनही प्रतीने भिकार असे घर बांधता येते, आणि बाजारात दुसऱ्या प्रकारची घरे पहिल्याच्या नावाने खपविताही येतात. आमच्या खेड्यांतील गाडीवानाला हे सांगावे लागत नसे. त्याच्या दारी मालाची गाडी वेगळी आणि बिऱ्हाड घेऊन जत्रेस जाण्याची दमणी वेगळी. दमणी हलकी असे, पण तिच्या आसात आणि चाकाच्या तुंब्यात सुताराने कधी काटकसर केली नाही.

या घरांचा इतिहास चाळला तर सुरुवात भारी बाजूनेच झालेली दिसते. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, नौदलात शल्यवैद्य राहिलेल्या लेखकाने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्याकडून केवळ हौसेसाठी असे एक घर बांधून घेतले व त्याला 'वाँडरर' हे नाव दिले. महोगनीच्या भिंती, आतून मेपलचे अस्तर, आणि वजन जवळजवळ दोन टन. दोन घोडे ते ओढीत, आणि रस्त्यावरच्या लोकांना सावध करण्यासाठी स्टेबल्सचा चाकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जाई! त्या थाटात हे गृहस्थ इंग्लंडच्या दक्षिणेकडून निघून स्कॉटलंडात इन्व्हर्नेसपर्यंत गेले. घर इतके पक्के होते की ते आजही जतन केलेले आहे. परंतु ज्या घोड्यांनी ते चढावांवरून ओढले त्यांचे मत कोणी विचारलेले नाही.

घोडा जाऊन मोटार आली तेव्हा हिशेब बदलला, आणि शहाणपण आले ते विमानांच्या कारखान्यातून. हॉली बाउलस हा अमेरिकेतील विनाइंजिनाच्या विमानांचा, म्हणजे ग्लायडरांचा, निर्माता. ज्या कारखान्यात १९२७ साली लिंडबर्गचे 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' हे विमान बांधले गेले तेथे त्याने काम केले होते. त्याने १९३४ मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, रिव्हेटांनी सांधलेले, माशासारख्या आकाराचे ट्रेलर बांधले. त्याचा व्यवसाय टिकला नाही. त्याची कल्पना वॉली बायम याने उचलली, आणि १९३६ साली 'एअरस्ट्रीम क्लिपर' हे ट्रेलर बाराशे डॉलरांना विकावयास काढले. यातील मर्म असे की येथे सांगाडा वेगळा आणि कवच वेगळे असा भेद उरत नाही. अंड्याचे कवच जसे स्वतःच स्वतःला सावरते, तसा तो वाकविलेला पत्रा स्वतःच भार वाहतो. वजन वाचले ते सामान कातरून नव्हे, तर आकार बदलून. वारा कापीत जाणाऱ्या त्या गोलाईमुळे ओढणाऱ्या मोटारीचे श्रमही कमी झाले.

तथापि या चंदेरी घराचीही आम्ही अवास्तव आरती करणार नाही. त्याच्या ॲल्युमिनियमच्या अंगाखाली जमीन प्लायवूडची असे, आणि पत्र्याच्या कडेने झिरपलेले पाणी त्या प्लायवूडची कड कुजवी. १९७०च्या दशकात गिऱ्हाइकांना लांब-लांब ट्रेलर हवे झाले. तेव्हाच्या काही लांब नमुन्यांत मागचा भाग खालच्या चौकटीपासून सुटू लागतो, ही गोष्ट जुन्या ट्रेलरांची दुरुस्ती करणाऱ्या अमेरिकन कारागिरांना चांगली ठाऊक आहे. कवच कितीही नामी असो, ते जेथे चौकटीला भेटते तो सांधाच अखेर घराचे आयुष्य ठरवितो.

कॅनडातील विनिपेग येथे १९६८ साली दुसरा एक मार्ग निघाला. रे ओलेको याला फायबरग्लासच्या मैलापाण्याच्या टाक्यांचा अनुभव होता. त्या अनुभवातून 'बोलर' हे तेरा फुटी लहानसे घर जन्मास आले. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग साच्यात ओतावयाचे आणि मध्यावर एकमेकांना सांधावयाचे, एवढीच त्याची रचना. छताला कोपरा नाही, भिंतीला जोड नाही, म्हणून पाणी शिरावयास वाटाही मोजक्याच: खिडकी, दार आणि छतावरची हवेची झडप. वजन साधारण सव्वाचारशे ते साडेचारशे किलो, म्हणजे त्या काळची लहानशी मोटारही ते ओढून नेई. कारखाना केव्हाच बंद झाला, पण ती घरे पन्नास वर्षांनंतरही रस्त्यावर दिसतात आणि हौशी लोक ती शोधून शोधून घेतात. मैलापाण्याच्या टाकीतून सुचलेल्या घराने महोगनीच्या घराला मागे टाकावे, हा कारागिरीच्या इतिहासातील एक गमतीचा न्याय म्हणावा लागेल. मर्यादा एकच. साचा महाग असतो, आणि एकदा केलेला साचा गिऱ्हाइकाच्या लहरीप्रमाणे लांब-रुंद करता येत नाही. म्हणून ही घरे लहानच राहिली आणि मोठ्या बाजाराने त्यांच्याकडे पाठ फिरविली.

तो मोठा बाजार म्हणजे अमेरिकेतील इंडियाना राज्याचा एल्कहार्ट परिसर. त्या देशातील अशा वाहनांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेथे व आसपास बनतात असे सांगितले जाते. तेथील प्रचलित बांधणी दोन प्रकारची. एकीत दोन इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून पन्हळी पत्रा आणि आत काचतंतूंची गादी. दुसरीत ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या चौकटीत फोम भरून त्याच्या दोन्ही अंगांस पातळ प्लाय चिकटवावयाचा आणि बाहेरून फायबरग्लासचा गुळगुळीत पापुद्रा द्यावयाचा. दुसरी बांधणी 'अतिहलकी' म्हणून अधिक दराने विकली जाते. ती खरोखरच हलकी असते, आणि कोरडी असेतोवर मजबूतही असते. पण सारी भिस्त गोंदावर. छताच्या कडेचा लांबीसारखा लेप एके ठिकाणी उलला आणि पाणी आत शिरले, की प्लाय फुगतो, पापुद्रा सुटतो आणि भिंतीवर फोडासारखा फुगवटा येतो. असा फोड आलेली भिंत दुरुस्त करणे म्हणजे जवळजवळ नवी भिंत करणे. उलट पहिल्या, गावंढळ दिसणाऱ्या बांधणीतले लाकूड कुजले तर पत्रा उचकटून, कुजकी पट्टी काढून, तेथे नवी ठोकता येते. ते काम कोणत्याही गावच्या सुताराला जमेल. मजबुती म्हणजे न मोडणे, एवढीच व्याख्या आपण करतो. मोडल्यावर दुरुस्त होणे हाही मजबुतीचाच भाग आहे, हे विक्रेत्याच्या पत्रकात लिहिलेले नसते.

इंग्लंडातील कारखानदारांना ओलीची ही डोकेदुखी आपल्यासारखीच ठाऊक आहे. दरसाल भिंतींत ओल किती आहे ते उपकरणाने मोजून घेण्याची तेथे रीतच पडली, आणि गेल्या दीड दशकात अनेकांनी भिंतीच्या सांगाड्यातून लाकूड हद्दपार केले.

आता वजनाच्या हिशेबाकडे वळू, कारण गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसते ते येथे. पत्रकात ठळक छापलेले वजन हे रिकाम्या घराचे असते. चौकट, आस आणि टायर मिळून जास्तीत जास्त किती भार वाहू शकतात, तो आकडा वेगळा. या दोहोंतील अंतर हीच माणसाची खरी मिळकत. समजा घर रिकामे असताना दीड हजार किलो आहे आणि कमाल मर्यादा अठराशे. म्हणजे तीनशे किलो हाती राहिले. एकशेवीस लिटर पाणी भरले, एकशेवीस किलो गेले. घरगुती आकाराचे दोन भरलेले गॅस सिलिंडर ठेवले, आणखी साठ गेले. बॅटरी पंचवीस, छतावरचे वातानुकूलन यंत्र पस्तीस. उरले साठ किलो. एवढ्यात चार माणसांच्या गाद्या, कपडे, भांडी आणि पंधरा दिवसांचा शिधा बसवावयाचा! तो बसत नाही, हे उघड आहे. मग काय होते? घर मर्यादेबाहेर भरले जाते, आस वाकतो, टायर तापून फुटतो, आणि दोष रस्त्याला दिला जातो. वस्तुतः आस लहान घेऊन वजन आणि पैसे वाचविले होते ते कारखान्यातच.

येथे कोणी म्हणेल, मग घर जाडजूड बांधावे, आस दणकट घालावा आणि निश्चिंत व्हावे. परंतु ओढणारी मोटार कोणती? मागचे घर पुढच्या मोटारीपेक्षा वजनदार झाले की कोण कोणाला ओढते आहे हे उतारावर समजते. ब्रिटनमध्ये नवशिक्याला असा सल्ला देतात की भरलेल्या ट्रेलरचे वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. वजन कोठे ठेवले आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. मागच्या बाजूला भार झाला की आपली बैलगाडी उलाळ होते आणि बैलांच्या मानेवरचे जू उचलले जाते, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. ट्रेलरचे शास्त्र याहून वेगळे नाही. अमेरिकेत एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडकड्यावर यावा असा दंडक आहे. युरोपात वेगमर्यादा कमी असल्याने तो याहून कमी चालतो. जोडावरचा भार कमी पडला की वेगात असताना मागचे घर शेपटीसारखे डावी-उजवीकडे हेलकावू लागते आणि अखेर मोटारीला घेऊनच पालथे होते. फार हलक्या, उंच घराला बाजूचा वारा हीच गत करतो. तेव्हा जडपणात सुरक्षितता आणि हलकेपणात धोका, किंवा याच्या उलट, असे एका ओळीचे उत्तर येथे नाही. १९७३च्या तेलटंचाईनंतर हलक्या घरांची ओढ वाढली ती पेट्रोलच्या दरामुळे. आज विजेवर चालणारी मोटार मागे घर जोडले की एका भारणीत जवळजवळ निम्मेच अंतर जाते, म्हणून तीच ओढ पुन्हा बळावली आहे. हे दडपण खरे आहे, त्याला नाक मुरडून भागणार नाही. फक्त वजन उतरविताना आकारावर बुद्धी चालविली की सामानावर कात्री चालविली, एवढे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असला पाहिजे.

ही कात्री चालली की काय होते, याचा अत्यंत कडू अनुभव अमेरिकेनेच घेतला आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स आणि मेक्सिकोच्या आखाताचा किनारा उद्ध्वस्त केला. बेघर झालेल्यांसाठी तेथील संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे 'फेमा'ने, सुमारे १ लाख ४५ हजार ट्रेलर व फिरती घरे खरेदी केली. त्यांतील बहुसंख्य सहलीची घरे होती, उन्हाळ्याच्या सुटीत थोडे दिवस राहण्यासाठी बांधलेली. त्यांत कुटुंबे महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे राहिली. लाकडाच्या जागी त्यांत भुशाचे दाबलेले पातळ तक्ते आणि प्लाय होता, आणि त्यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड हा वायू बाहेर पडत होता. लहान बंद खोली, दमट हवा आणि कडक ऊन यांत त्याचे प्रमाण वाढते. माणसांचे डोळे चुरचुरू लागले, मुलांना खोकला आणि दमा जडल्याच्या तक्रारी झाल्या, पण शासनाला जाग यावयास वेळ लागला. रोगनियंत्रण केंद्राने डिसेंबर २००७ व जानेवारी २००८ मध्ये ५१९ घरांतील हवा तपासली, तेव्हा या वायूचे प्रमाण सरासरी अब्ज भागांत ७७ भाग निघाले. सामान्य हवेत ते दहा-वीस असते. आणि ही तपासणी ऐन हिवाळ्यातली! उन्हाळ्यापूर्वी लोकांना बाहेर काढा, असे केंद्राला सांगावे लागले. पुढे न्यायालयीन तडजोड झाली आणि २०१० साली अशा लाकडी तक्त्यांतील वायूवर मर्यादा घालणारा कायदाही झाला. पण त्या घरांचे काय झाले? 'राहण्यासाठी नव्हे' असे लेबल लावून ती लिलावात विकली गेली, आणि २०१० मध्ये त्याच आखातात तेलगळती झाली तेव्हा साफसफाईला आलेले मजूर त्यांतल्याच काही घरांत राहताना आढळले.

आखाताचा तो किनारा आणि आपला किनारा हवामानाने एकमेकांचे भाऊ शोभतील. तोच दमटपणा, तेच ऊन, तीच खारी हवा. पावसात तर आपण वरचढ आहोत. वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस, तोही चार महिन्यांत, ज्या घराच्या छतावर पडणार आहे, त्याच्या कडेचा लेप कोरड्या प्रदेशातील वाळवंटी सहलीसाठी बेतलेला असून कसे चालेल? खाऱ्या वाऱ्यात साधा लोखंडी खिळा ॲल्युमिनियमला टेकला की त्या जागी धातू झिजू लागतो, हे आमच्या ट्रॉलरवाल्यांना कोणी शिकवावे लागत नाही. आणि चोर्ला, अनमोड वा आंबोली घाटातील वळणे व खड्डे यांतून घर नेणे म्हणजे त्याला तासभर भूकंपात ठेवणे होय. स्टेपल पिनांनी टाचलेली कपाटे त्या भूकंपात किती काळ टिकतील?

आपल्याकडे एक उलटे वेडही आहे. मोटारीमागे जोडावयाचे ट्रेलर आपल्या रस्त्यांवर विरळाच. बस वा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मोटार कॅराव्हान हीच येथे अधिक दिसते, आणि तिच्यासाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. परंतु बॉडी बांधणाऱ्या कारागिराला आणि गिऱ्हाइकालाही जाड प्लाय, दगडी ओटा, भारी सोफा यांचा मोह आवरत नाही. दिवाणखान्यात शोभणारी ती श्रीमंती मागच्या आसावर बसते आणि ब्रेकांचे काम वाढविते. त्यात माणसे बसावयाची आहेत, पाण्याची टाकी भरावयाची आहे, याचा हिशेब दिवाणखान्याच्या हौसेत वाहून जातो.

म्हणून पर्यटन खात्याने वा महामंडळाने अशा वाहनांना परवाना देताना किंवा ती स्वतः खरेदी करताना नुसत्या खाटा आणि आरसे मोजू नयेत. रिकामे वजन, कमाल वजन आणि प्रत्येक आसाची मर्यादा दाराशेजारी मराठी, कोकणी व इंग्रजीत ठळक लिहिलेली असावी. तक्ते कोणत्या प्रतीचे आणि वायूच्या कोणत्या मर्यादेत बसणारे, याचा दाखला विक्रेत्याने द्यावा. पूरग्रस्तांसाठी म्हणून जर कधी अशी घरे घेतली गेली, तर राहण्याची मुदत किती आणि त्या मुदतीनंतर घराचे काय करावयाचे, हे खरेदीच्या कागदावरच असले पाहिजे. अमेरिकेत या वाहनांची हमी बहुधा एका वर्षाची असते. येथे ती निदान दोन पावसाळ्यांची मागावी, आणि पहिला पावसाळा उलटल्यावर छताचा एक कोपरा उघडून आत ओल आहे की काय ते पाहावे. राहिला वजनाचा प्रश्न. खाणींच्या ट्रकांनी वजनकाटा हा शब्द गोव्यातील पोराटोरांच्याही तोंडी केला आहे. काटे आहेत, ते चालविणारी माणसेही आहेत. पाणी, गॅस, गाद्या आणि माणसे यांसह भरलेली गाडी त्यावर एकदा चढवावी आणि निघालेला आकडा परवान्यावर लिहावा. या कामाला नवा कायदा लागत नाही की नवा निधी.